दगड गेला, खड्डा राहिला

खनिज मिळवण्यासाठी जिथे खोदकाम चालू आहे किंवा पूर्वी झालेले आहे, अशा प्रत्येक खड्ड्याला भारतीय कायदा 'खाण' म्हणतो. या व्याख्येतले 'पूर्वी झालेले आहे' हे तीन शब्द सहसा कुणी वाचत नाही. क्रशर उचलून नेला, कामगारांची पाले उठली, शेवटचा डंपर डांबरी रस्त्याला लागला, तरी कायद्याच्या लेखी खाण संपलेली नसते. ती रीतसर बंद करावी लागते. त्यासाठी आधी नोटीस, मग नकाशा, कुंपण, कडांची सुरक्षितता, जमिनीची दुरुस्ती आणि शेवटी काम झाल्याचा दाखला, असा क्रम ठरलेला आहे. प्रत्यक्षात बहुतेक दगडखाणी बंद केल्या जात नाहीत, त्या बंद पडतात. परवान्याची मुदत सरते, तळाला पाणी लागते किंवा रस्त्याचे काम पुरे होते. ठेकेदार पुढच्या गावी जातो आणि मागचा खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तळे होऊन बसतो.

या तळ्याचा धोका गावातल्या विहिरीसारखा नसतो. विहीर खोल आहे हे लहान मुलालाही ठाऊक असते. काळ्या दगडाची खाण मात्र पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेली असते. खाणीवरचे लोक या पायरीला बेंच म्हणतात. पाणी भरले की सर्वांत वरची बेंच गुडघाभर पाण्याखाली जाते आणि काठावर उभ्या राहिलेल्याला तळ दिसल्यासारखा वाटतो. त्या बेंचच्या कडेपलीकडे एक पाऊल पडले की खाली एकदम पाच-सहा मीटर पाणी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिरेखाणीची तऱ्हा आणखी निराळी. जांभा दगडाचे चिरे यंत्राच्या पात्याने कापून काढतात, त्यामुळे खाणीच्या भिंती ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ उभ्या राहतात. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. उतरायला वाट नाही, चढायला खाच नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा अशा भिंतीला किती वेळ चाचपडत राहील? उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला गेलेली मुले, पाण्यावर नेलेली गुरे, धुणे घेऊन गेलेल्या बायका, यांच्या बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि बातमीत खाणीच्या आधी 'बंद' किंवा 'पडीक' हे विशेषण हमखास असते.

खाण बंद करण्याची जबाबदारी तीन बाजूंनी येते. पहिली बाजू खनिज कायद्याची. खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ या कायद्याने खनिजांचे दोन गट पाडले आहेत. लोहखनिज, बॉक्साइट, मँगनीज यांसारखी प्रमुख खनिजे केंद्राच्या नियमांखाली येतात आणि त्यांच्यावर नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोची देखरेख असते. बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू, साधी माती ही गौण खनिजे. त्यांचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ने राज्यांना दिला आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये आणखी ३१ खनिजे गौण ठरवून राज्यांकडे सोपवली गेली. महाराष्ट्रात गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ लागू आहेत आणि गावकऱ्याच्या दृष्टीने या सगळ्याचा चेहरा म्हणजे जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि तलाठी. दुसरी बाजू सुरक्षेची. तिथे १९५२चा खाण अधिनियम होता. त्याची जागा आता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०ने घेतली आहे. जुने विनियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात. अंमलबजावणी करते धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय. तिसरी बाजू पर्यावरण कायद्याची, तिच्याकडे पुढे येऊ.

सुरक्षेच्या बाजूचा मुख्य मजकूर १९६१च्या धातुखाण विनियमांत आहे. नावात धातू असला तरी कोळसा आणि तेल सोडून बाकी सर्व खाणींना ते लागू होतात, दगडखाणीलाही. खाण सोडून द्यायची असेल किंवा ६० दिवसांहून अधिक काळ काम थांबवायचे असेल, तर निदान ३० दिवस आधी मालकाने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा व्यवस्थापकाने महासंचालनालयाला नोटीस द्यावी लागते. काम का थांबते आहे आणि किती कामगारांवर परिणाम होणार, हे तीत लिहायचे असते. अचानक काम थांबवावे लागले, तर नोटीस लगोलग द्यायची. म्हणजे चुपचाप निघून जाणे हाच पहिला भंग.

नोटिशीइतकेच महत्त्व नकाशाला आहे. सोडलेली खाण कुठवर गेली होती, तिच्यात पाणी किती, हे कागदावर नसेल तर शेजारी नवे खोदकाम करणारा आंधळेपणाने खोदतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबाद भागातल्या चासनाला कोळसा खाणीत जुन्या, सोडलेल्या भागात साठलेले पाणी चालू खाणीत फुटले आणि सुमारे पावणेचारशे कामगार गेले. ती भूमिगत खाण होती, दगडखाणीत एवढे मोठे संकट संभवत नाही. तरी दोन दगडखाणी एकमेकींना खेटून असतात तेव्हा मधली भिंत किती जाड उरली आहे, हा प्रश्न तोच असतो. म्हणूनच खाणपट्ट्याच्या हद्दीपासून ७.५ मीटरचा पट्टा न खोदता सोडायचा असतो. शेजाऱ्याचा बांध आणि गावचा रस्ता याच पट्ट्याच्या आधारावर उभा असतो. जागेवर जाऊन पाहिले तर हा पट्टाच आधी खाल्लेला दिसतो, कारण तिथला दगड उघडा पडलेला असतो आणि काढायला सोपा असतो.

कुंपणाबाबत विनियम स्पष्ट आहेत. उघड्या खाणीची वरची कड चालू कामातही पक्क्या कुंपणाने बंद ठेवायची. खाण सोडताना माणूस आत पडणार नाही किंवा आत शिरणार नाही अशी कायमस्वरूपी बांधणी करायची. चार लाकडी खुंट आणि त्यांना गुंडाळलेली काटेरी तार ही 'कायमस्वरूपी' या शब्दात बसत नाही. पहिल्या दिवाळीपर्यंत ती तार कुणाच्या तरी शेताच्या कुंपणाला गेलेली असते. दगडी बांध, खोल चर आणि त्यालगत खोदून काढलेल्या मुरमाचा उंच ढीग हा जास्त टिकाऊ उपाय. तो चोरीला जात नाही आणि त्यासाठी लागणारा माल खाणीतच पडलेला असतो.

कड्यांचे मोजमापही ठरलेले आहे. कठीण दगडात बेंचची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. माती, मुरूम, वाळू अशा सुट्या थरात बाजू ४५ अंशांपेक्षा तीव्र नको, किंवा बेंच दीड मीटरपेक्षा उंच नको. हे नियम चालू कामासाठी आहेत. पण ते पाळत खाली गेलेली खाण बंद करताना फारसे काही करावे लागत नाही, आणि न पाळता सरळ ३० मीटर खाली गेलेली खाण नंतर कुठल्याही खर्चात सुधारत नाही. खाण सुरक्षित बंद होणार की नाही हे पहिल्या वर्षीच ठरते, ते असे. उरलेली स्फोटके नियमाप्रमाणे परत करणे किंवा नष्ट करणे, आणि न फुटलेला बार एखाद्या भोकात राहिला नाही ना हे तपासणे, हेही निघण्यापूर्वीचे काम. सुरुंगाचे भोक मुलांना फार खुणावते.

आता या सगळ्या नियमांना पडलेले मोठे भोक. १९५२च्या अधिनियमाने मुरूम, जांभा, गोटे, खडी, बांधकामाचा दगड, साधी माती अशा खनिजांच्या उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली, पण तीन अटींवर: खोली कुठेही ६ मीटरच्या वर नको, एका दिवशी ५०पेक्षा जास्त माणसे कामाला नकोत आणि स्फोटके वापरायची नाहीत. तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच सूट मिळते. कामगाराच्या दृष्टीने सूट समजण्यासारखी आहे. वीस-पंचवीस माणसांच्या उथळ खाणीत सुरुंगाचा धोका नाही. खाण सोडल्यानंतरचा हिशेब मात्र उलटा होतो. चिरेखाणीत सुरुंग लागत नाही, माणसे थोडी असतात आणि खोली बऱ्याचदा सहा मीटरच्या आतबाहेर असते. म्हणजे ज्या खड्ड्याच्या भिंती सर्वांत उभ्या, तोच सुरक्षा कायद्याच्या कुंपणाबाहेर. बुडायला सहा मीटर लागत नाहीत, दोन मीटर पुरतात. ही सूट काम चालू असेपर्यंत ठीक आहे. खाण बंद करताना तिला काही अर्थ उरत नाही आणि कायदा करणाऱ्यांनी या दोन वेळा वेगळ्या करायला हव्या होत्या.

अशा खाणींना मग धरते ती खनिज आणि पर्यावरण कायद्याची बाजू. गौण खनिजांकडे येण्याआधी प्रमुख खनिजांचे नियम पाहू. त्यांच्यासाठी २०१७च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा आहे. तो दोन टप्प्यांत होतो. पहिला, खाण चालू असतानाच दर पाच वर्षांनी करायचा क्रमिक आराखडा: कोणता भाग आधी भरून काढणार, वरची सुपीक माती कुठे साठवणार, झाडे कधी लावणार. केलेल्या कामाचा अहवाल दरवर्षी १ जुलैपूर्वी द्यायचा असतो. दुसरा अंतिम आराखडा, तो नियोजित बंदच्या दोन वर्षे आधी मंजुरीला जातो. आराखड्याप्रमाणे काम झाल्याचा दाखला मिळेपर्यंत पट्टेदाराला हात झटकता येत नाहीत.

दाखला मिळेपर्यंत पैसे अडकवून ठेवण्याची सोयही आहे. त्याला आर्थिक हमी म्हणतात, ती साधारणपणे बँक गॅरंटीच्या रूपात असते. नोव्हेंबर २०२१च्या दुरुस्तीने तिचा दर मोठ्या, 'अ' वर्गातल्या खाणींसाठी हेक्टरी ३ लाखांवरून ५ लाख आणि 'ब' वर्गासाठी हेक्टरी २ लाखांवरून ३ लाख रुपये झाला. अंतिम आराखडा मुदतीत दिला नाही, तर ही रक्कम जप्त करता येते. रक्कम ऐकायला बरी वाटते, पण जमिनीवर तिचा हिशेब मांडून पाहावा. एक हेक्टरची, सहा मीटर खोल खाण म्हणजे ६० हजार घनमीटरचा खड्डा. खडी-मुरमाच्या धंद्यातले माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट. त्या मापात हा खड्डा सुमारे २१ हजार ब्रासचा होतो. पाच ब्रासचा हायवा धरला तर भरायला चार हजारांवर खेपा लागतील. हेक्टरी तीन लाखांत खेपेमागे जेमतेम सत्तर रुपये पडतात, त्यात डिझेलही येत नाही. शिवाय दगडखाणीत टाकाऊ माल थोडा निघतो. काढलेला जवळपास सगळा दगड खडी होऊन रस्त्यात आणि इमारतींत गेलेला असतो, मग खड्डा भरायचा कशाने?

त्यामुळे खाण पूर्ववत भरून काढा, असा सरसकट आग्रह कायदाही धरत नाही. जमीन सुरक्षित आणि कशाला तरी उपयोगी करून सोडा, असे त्याचे म्हणणे आहे. कडा उतरत्या करणे, वरचे पाणी आत घुसू नये म्हणून भोवती चर काढणे, साठवलेली माती बेंचवर पसरून झाडे लावणे, आणि तळे ठेवायचेच असेल तर निदान एका बाजूने माणसाला व जनावराला बाहेर येता येईल असा उतार राखणे. डंपरची ये-जा झालेला जुना रस्ता हाच तो उतार असतो. तो तोडून दगड काढण्याचा मोह शेवटच्या महिन्यात फार होतो. शहराजवळच्या खाणीत कचरा लोटून ती बुजवणे ही सोपी वाट दिसते. पण आपला काळा दगड भेगाळ असतो, आणि त्या भेगांतून कचऱ्याचे पाणी आसपासच्या विहिरींत उतरते. घनकचऱ्याचे नियम आणि औष्णिक केंद्रांच्या राखेबाबतची ३१ डिसेंबर २०२१ची अधिसूचना पाळल्याशिवाय खाण ही कुणाची उकिरड्याची जागा होत नाही.

गौण खनिजांच्या बाबतीत बराच काळ ढिलाई होती. पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या क्षेत्राचे तुकडे करून पट्टे घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ती पळवाट बंद केली. तेव्हापासून लहान पट्ट्यालाही मंजुरी लागते आणि मंजुरीबरोबर अटींची यादी येते: हद्दीचा पट्टा सोडणे, माती राखून ठेवणे, कुंपण, झाडे, दर सहा महिन्यांनी पूर्ततेचा अहवाल. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक अट घालायला सांगितली. काम थांबल्यावर पट्टेदाराने खाणीची आणि तिच्यामुळे बिघडलेली आसपासची जमीन पुन्हा गवताखाली आणायची, म्हणजे तिथे चारा, झाडझाडोरा आणि जीवजंतू वाढू शकतील. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आठ दिवसांत, १६ जानेवारीला, ही अट मंजुरीपत्रांत घालण्याचे परिपत्रक काढले. गायरानावर खाण निघाली की गावाचा चारा जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या अटीचे मोल कळेल. अटी मोडल्या तर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६खाली दंड आहे. जनविश्वास कायद्याच्या बदलानंतर तो दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

पट्टाच रद्द झाला तर काय होते, याचे उदाहरण गोव्यात आहे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या ८८ लोहखनिज पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यात खाणी थांबल्या. ट्रक थांबले, बार्ज थांबल्या, खंदक मात्र तिथेच होते. त्यांतल्या काहींचे तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले. पावसाळा आला की खंदकातले पाणी आणि काठावरचे मातीचे डोंगर शेतांवर आणि वस्त्यांवर येऊ नयेत याची काळजी कुणी तरी घ्यावीच लागते. आराखडा नीट अमलात येण्याआधीच खाण थांबली, तर बंद करण्याचा खर्च आणि घोर हळूहळू सरकारच्या, म्हणजे लोकांच्या, अंगावर सरकतो.

महाराष्ट्रात खड्डा किती खोदला हे सरकारला ठाऊक नसते असे नाही. महसूल खाते रॉयल्टीसाठी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने खाणीची मोजणी करते आणि परवान्यापेक्षा जास्त माल काढलेला आढळला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. गेलेल्या दगडाचा हिशेब ब्रासपर्यंत लागतो. उरलेल्या खड्ड्याची खोली, उभ्या कडा आणि मोडलेले कुंपण त्याच मोजणीत दिसत असतात, पण ते वसुलीच्या रकान्यात बसत नाहीत. जमीन खासगी असेल तर घोळ आणखी वाढतो. सातबारा शेतकऱ्याचा, परवाना ठेकेदाराचा, यंत्रे तिसऱ्याची. ठेकेदार गेल्यावर सगळे उभे राहतात ते शेतकऱ्याच्या दारात. म्हणून जमीन खाणीला देताना करारातच कुंपण, उतार आणि माती पसरण्याचे काम कोण करणार हे लिहून घ्यावे आणि शेवटचा हप्ता त्या कामानंतर घेण्याऐवजी पुरेशी अनामत आपल्याकडे आधीच ठेवून घ्यावी.

पट्टेदार सापडत नाही, खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, अशा वेळीही गावाच्या हाती एक जुने हत्यार आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाले आहे. सार्वजनिक रस्त्यालगत किंवा सार्वजनिक जागेलगत असलेले तळे, विहीर किंवा खोदकाम धोकादायक असेल, तर त्याला कुंपण घालण्याचा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा तसा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. 'खोदकाम' हा शब्द कलमातच आहे. इथे खोली सहा मीटरच्या वर की खाली, सुरुंग लावला होता की नव्हता, हे प्रश्न येत नाहीत. दंडाधिकाऱ्याला पोलिसांच्या अहवालावरून किंवा मिळालेल्या इतर माहितीवरून कारवाई करता येते, त्यामुळे साधा अर्जही चालतो. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण ते कलम माणूस गेल्यानंतर कामाला येते, १५२ त्याआधी.

गावाजवळ अशी उघडी खाण असेल, तर या कलमाखालचा अर्ज प्रांत (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात द्यावा. त्यात गट क्रमांक, रस्त्यापासूनचे अंतर, कुंपण नसल्याचे तारखेसह फोटो आणि माहीत असेल तर परवानाधारकाचे नाव घालावे. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम. एक प्रत तहसीलदारांना आणि एक जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना द्यावी. हे काम एप्रिलमध्येच उरकावे, खड्ड्यात पाणी भरण्याआधी, आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्यायला विसरू नये.